तारखेचे पैसे

जगातल्या बहुतेक धंद्यांत काम संपले की पैसे मिळतात. न्हावी डोके पुरते भादरून झाल्यावरच हात पुढे करतो. अर्धे डोके भादरून "उरलेले पुढच्या महिन्यात, आज अर्ध्याचे तेवढे द्या" असे म्हणत नाही. गवंडी भिंत उभी करतो, आचारी पंगत उठवतो, मग हिशेबाला बसतो. (शिंप्याचे उदाहरण मी मुद्दामच घेत नाही. शिंपी आणि त्याने दिलेली तारीख हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.) आता क्षणभर अशी कल्पना करा, की लग्नाच्या भटजींना दक्षिणा लग्नाची न देता मंगलाष्टकांच्या कडव्यामागे द्यायची असे ठरले. काय होईल? लग्नच होणार नाही! अंतरपाटाच्या अलीकडे नवरदेवाचे केस पिकतील, पलीकडे नवरीला चाळिशीचा चष्मा लागेल, अक्षता धरून पाहुण्यांच्या मुठी घामेजतील आणि भटजी आपले नवे नवे कडवे रचतच राहतील. त्यात भटजी वाईट आहेत असे नाही. त्यांच्याही घरी पोरेबाळे आहेत.

दिवाणी कोर्टातल्या वकिलीचे बरेचसे असेच होऊन बसले आहे, असे माझे नम्र मत आहे. नम्र अशासाठी, की माझ्या शेजारीच एक वकील राहतात आणि आमच्या दोघांच्या घरांत एकच भिंत आहे.

आमचे गाव, म्हणजे छत्रपती संभाजीनगर, म्हणजे २०२३ पर्यंतचे औरंगाबाद, कोर्टाच्या बाबतीत मोठे संपन्न आहे. आम्ही एका रस्त्याचे नावच अदालत रोड ठेवले आहे. १९४८ साली निजामाचे राज्य गेले, पण जाताना ते अदालत, वकील, मुदत आणि तारीख हे शब्द इथेच ठेवून गेले. आम्ही ते जपून वापरतो, विशेषतः शेवटचे दोन. पूर्वी हायकोर्टाचे काम निघाले की मराठवाड्याच्या माणसाला हैदराबाद गाठावे लागे, १९५६ नंतर मुंबई. छोट्या रुळांच्या गाडीने मनमाड, तिथे गाडी बदलून पुढे. वकिलाच्या फीपेक्षा हा वरखर्चच भारी पडायचा. २७ ऑगस्ट १९८१ रोजी हायकोर्टाचे खंडपीठ इथे आले, बरोबर तीन वर्षांनी त्याच तारखेला ते कायम झाले, आणि मराठवाड्याचा मनमाडचा चहा वाचला. (कोल्हापूरकरांना त्यांच्या सर्किट बेंचसाठी ऑगस्ट २०२५ पर्यंत थांबावे लागले, हे लक्षात घेता आम्ही नशीबवानच.) २०१७ पासून इथे राष्ट्रीय विधी विद्यापीठही आहे. म्हणजे वकील इथेच तयार होतात, इथेच वापरले जातात. फक्त खटला इथेच संपतो की नाही, एवढाच प्रश्न उरतो.

तो प्रश्न मला पडला तो माझ्या दोन मामांमुळे.

थोरले मामा आणि धाकटे मामा यांचा गुलमंडीच्या मागच्या बाजूला वडिलोपार्जित वाडा. वाटण्या तोंडी झालेल्या. भांडण होते ते पुढच्या ओसरीचे. लांबी अठरा फूट, रुंदी सात. १९९८ साली थोरल्यांनी दावा लावला, धाकट्यांनी कैफियत दिली आणि खटला सुरू झाला. 'सुरू झाला' हे क्रियापद मी सवयीने वापरले. खरे म्हणजे खटला दाखल झाला. सुरू व्हायला चार वर्षे लागली.

दोघांचेही वकील तारखेवर फी घेणारे. आरंभी तारखेला शंभर रुपये, शेवटी शेवटी पाचशे. शिवाय कारकुनाचा चहा, टायपिंग, झेरॉक्स, रिक्षा. थोरले मामा रेल्वेतून हिशेबनीस म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी प्रत्येक तारखेची नोंद वहीत ठेवली आणि ती वही हा माझ्या सगळ्या अर्थशास्त्राचा पाया आहे. त्या वहीप्रमाणे एकोणीस वर्षांत एकशे सदतीस तारखा पडल्या. त्यांतल्या ज्या तारखांना खरोखर काही घडले, म्हणजे साक्ष झाली, कागद दाखल झाला, न्यायाधीशांनी मान वर करून पाहिले, अशा तेवीस. बाकी एकशे चौदा तारखांना जे घडले त्याला 'पुढची तारीख' म्हणतात.

ओसरीचे क्षेत्रफळ एकशे सव्वीस चौरस फूट. म्हणजे चौरस फुटामागे एका तारखेहून जास्त! दोन्ही बाजूंचे निव्वळ तारखांचे पैसे ब्याऐंशी हजारांवर गेले. चौरस फुटाला साडेसहाशे, आणि ओसरीवरचा एक पत्रादेखील बदललेला नाही.

तुम्ही म्हणाल, या सगळ्याला वकीलच कसे जबाबदार? नाहीतच. वहीत कारणेही लिहिलेली आहेत. न्यायाधीशांची बदली झाली. नवे न्यायाधीश आले. ते रजेवर गेले. कोर्टात काम फार होते. एकदा आमच्या वकिलांच्या मेहुणीचे लग्न होते, एकदा समोरच्यांच्या. (तारखेची तिथी एकच असल्यामुळे दोघेही एकाच मांडवात असावेत असा थोरल्या मामींना संशय आहे.) दिवाणी प्रक्रिया संहितेत २००२ पासून असा नियम लागू आहे, की दाव्याच्या सुनावणीत एका पक्षाला तीनहून अधिक वेळा मुदतवाढ देऊ नये. हा नियम मी शेजारच्या वकीलसाहेबांना मोठ्या उत्साहाने दाखवला. ते शांतपणे म्हणाले, "हो, आहे. पण अगदीच अडचण असली तर देता येते, असं सुप्रीम कोर्टानं २००५ साली म्हटलंय." आणि अडचण नाही असा माणूस आपल्या देशात कुठे आहे?

त्या वहीतली एक नोंद मात्र मला हसू देत नाही. २००९ साली धाकट्या मामी गेल्या. थोरले मामा स्मशानात आले, लांब उभे राहिले आणि न बोलता गेले. तिसऱ्या दिवशी तारीख होती. दोन्ही वकिलांनी मिळून मुदतीचा अर्ज दिला, दुःख व्यक्त केले, मुदत मिळाली. तारखेचे पैसे दोन्हीकडून घेतले गेले. अर्ज दुःखद असला तरी अर्जच होता.

मी हे सगळे वकीलसाहेबांना संध्याकाळच्या फिरण्यात ऐकवत असे. ते चिडत नसत. वकिलाला दुसऱ्याचे बोलणे ऐकून घ्यायची सवय असते. फक्त ते फुकट ऐकायची नसते. एकदा सिडकोच्या बागेत ते म्हणाले, "तुम्हाला वाटतं आम्ही तारखेचे पैसे हौसेनं घेतो? अहो, सनद मिळाल्यावर पहिली पाच वर्षं मी सीनियरच्या पिशव्या उचलल्या. पगार शून्य. ठोक फी ठरवली, तर अर्धी आधी मिळते आणि उरलेली अर्धी कधीच मिळत नाही. हरलेला अशील तोंड दाखवत नाही, जिंकलेला ओळख दाखवत नाही. तारखेचे पैसे हेच आमचं रोजचं दूध. आणि दुसरं सांगतो, मी ठोक घेतली आणि समोरच्यानं तारखेवर घेतली, तर तो मुदत मागत राहील आणि मी फुकट उभा राहीन!"

हा मुद्दा मला पटला. एकट्या वकिलाने चांगले व्हायचे ठरवले, तर तो पहिल्या वर्षी आदर्श होतो आणि दुसऱ्या वर्षी घरभाडे थकवतो.

"मग जिंकल्यावर टक्केवारी का घेत नाही?" मी विचारले.

वकीलसाहेबांनी इकडेतिकडे पाहिले. आपल्याकडे टक्केवारी हा शब्द बागेतसुद्धा हळू बोलतात. बार कौन्सिलचा नियम असा आहे, की खटल्याच्या निकालावर अवलंबून असलेली फी वकिलाने ठरवू नये आणि मिळणाऱ्या पैशांत वाटाही ठेवू नये. १९५४ साली मुंबई हायकोर्टातल्या एका वकिलाने वसुलीतला निम्मा वाटा ठरवून घेतला होता, म्हणून सुप्रीम कोर्टाने त्याला दोषी धरले. निकालात त्याचे नाव नाही, नुसते 'जी' हे अक्षर आहे. पण याच निकालात कोर्टाने एक गंमत सांगून ठेवली, की असा करार वकील नसलेल्या माणसाने केला असता तर त्यात बेकायदा काही नव्हते. म्हणजे माझ्या खटल्याला माझा वाणी पैसे पुरवू शकतो आणि जिंकल्यावर वाटा घेऊ शकतो. न्हावी घेऊ शकतो. अर्धे डोके भादरणारादेखील घेऊ शकतो. ज्याला खटल्यातले कळते तो एकटा वकील घेऊ शकत नाही!

आता मराठवाड्यात टक्केवारी अजिबात चालत नाही असे मी म्हणतो. जशी वर्धा जिल्ह्यात दारू अजिबात चालत नाही, तशी.

थट्टा सोडून सांगायचे, तर हा प्रश्न आमच्याकडे गोदावरीच्या पाण्याइतका खोल आहे. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पैठणला जायकवाडीची पायाभरणी झाली, १९७६ साली धरणाचे उद्घाटन झाले, आणि मधल्या काळात कितीतरी गावांची काळी जमीन नाथसागराखाली गेली. सरकारने ठरवलेला मोबदला कमी वाटला, तर वाढवून मागायला कोर्टात जायचे, अशी सोय जुन्या १८९४ च्या कायद्यात होती. सोय उत्तम. पण ज्याची जमीन पाण्याखाली गेली त्याने वकिलाची फी कुठून आणायची? पाण्यातून? अशा वेळी "मिळाले तर द्या, नाही मिळाले तर राहू द्या" म्हणणारा वकील त्या शेतकऱ्याला देवासारखा वाटला, तर बार कौन्सिलने त्याला काय सांगावे? अमेरिकेत हेच उघडपणे चालते. अपघात झालेल्या गरीब माणसाचा खटला वकील स्वतःच्या खर्चाने लढतो आणि जिंकला तर बहुधा तिसरा हिस्सा घेतो.

पण थांबा. देवाचेही पाय मातीचे असतात. १९८४ च्या दुरुस्तीने वाढीव मोबदल्यावर पहिल्या वर्षी नऊ टक्के आणि पुढे पंधरा टक्के व्याज ठरवले. २०१४ पासूनच्या नव्या कायद्यातही दर तोच आहे. आज कोणती बँक ठेवीवर पंधरा टक्के देते? म्हणजे टक्केवारीवाल्याला खटला लांबला तरी हरकत नाही. लांबेल तितकी ठेव वाढते. तारखेवाल्याला तारखेत गोडी, टक्केवारीवाल्याला व्याजात. शेतकऱ्याला मात्र पेरणीच्या आधी पैसे हवे असतात, आणि तेवढ्या एका गोष्टीवर कोणाचेच कमिशन नाही.

मग मी परदेशात शोध घेतला, म्हणजे घरी बसून पुस्तके वाचली. जर्मनीत वकिलाच्या फीचा तक्ताच कायद्यात छापलेला आहे. दावा एवढ्याचा, तर फी एवढी. तारखा किती पडल्या हे त्यात सहसा कोणी विचारत नाही, आणि तडजोड घडवून आणली तर तिची वेगळी फी! हे वाचून मी वकीलसाहेबांच्या घराच्या भिंतीवर आनंदाने थापच मारली. तिकडे आणि इंग्लंडातही हरणाऱ्याने जिंकणाऱ्याच्या वकिलाचा बराचसा खर्च द्यायचा असतो. आपल्याकडेही कागदावर तो देवविता येतो. पण खोटा दावा लावून दुसऱ्याला छळणाऱ्याकडून साध्या दिवाणी दाव्यात भरपाई म्हणून जास्तीत जास्त किती घेता येतील? तीन हजार रुपये. हा आकडा १९७६ सालचा आहे. तेव्हा तीन हजारांत माणूस घाबरत असे. आता एवढ्यात दोन माणसांचे लग्नाचे कपडेदेखील होत नाहीत, त्यामुळे खोटा दावा लावणे हा मध्यमवर्गीयाला परवडणारा शौक झाला आहे.

गांधीजीही वकीलच होते. दक्षिण आफ्रिकेत दादा अब्दुल्ला या व्यापाऱ्याचा खटला हाताशी आला, समोर अब्दुल्लाचाच नातेवाईक. वकिलांची फी दोघांनाही बुडवील हे पाहून गांधीजींनी प्रकरण पंचांपुढे नेले, आपल्या अशिलाला जिंकवले आणि हरलेल्याला पैसे हप्त्याने फेडायची सवलतही मिळवून दिली. पुढे वीस वर्षे आपण अशा शेकडो तडजोडी केल्या आणि त्यात पैशाचेही नुकसान झाले नाही, असे त्यांनी आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. हे मी थोरल्या मामांना वाचून दाखवले. ते म्हणाले, "अरे, त्यांचा अशील दादा अब्दुल्ला होता. मी आहे."

सरकारने गरिबांची काळजी घेतलेली नाही असेही नाही. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना, कोठडीतल्या माणसांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळू शकतो. ही माहिती मी आमच्याकडे धुणेभांडी करणाऱ्या बाईंना दिली. त्यांचा नवऱ्याशी पोटगीचा वाद चालू होता. त्यांनी हातातले पातेले खाली ठेवले आणि विचारले, "दादा, फुकटचा वकील कोणाच्या बाजूनं बोलंल?" मी निरुत्तर झालो. पैसे घेणारा आपल्या बाजूने बोलतो, ही आपली सगळ्यांचीच श्रद्धा. तो कधीकधी तारखेच्या बाजूने बोलतो, हे वही ठेवल्याशिवाय कळत नाही.

मामांचा खटला मिटला तो २०१७ साली, आणि तोही योगायोगाने. थोरल्यांचे वकील वय झाल्यामुळे घरी बसले. त्यांच्या फायली त्यांच्या हाताखाली काम करणाऱ्या एका मुलीकडे आल्या. वय सत्तावीस-अठ्ठावीस, स्कूटरवरून फिरणारी. तिने फाईल वाचली, मामांच्या घरी आली, ओसरी बघितली आणि सरळ विचारले, "काका, ही ओसरी तुम्हाला कशाला हवीय?"

एकोणीस वर्षांत हा प्रश्न कोणीही विचारला नव्हता. त्या प्रश्नाची फी नसते.

थोरले मामा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आमचे अण्णा तिथं बसून सकाळी पेपर वाचायचे."

ती तशीच उठली आणि धाकट्या मामांच्या वकिलांकडे गेली. त्यांनाही त्या ओसरीचा कंटाळा आला असावा. त्यांनी हरकत घेतली नाही. पुढच्याच लोकअदालतीत प्रकरण ठेवले. ओसरी धाकट्यांची, पण तिच्यावर बसून रोज सकाळी पेपर वाचण्याचा हक्क थोरल्यांना तहहयात. पेपरचे बिल निम्मे निम्मे. एका दुपारी सह्या झाल्या. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसते, त्यामुळे आधी प्राथमिक हुकूमनामा, मग अंतिम हुकूमनामा, मग जिल्हा कोर्ट, मग खंडपीठ ही पुढची सगळी यात्रा टळली. शिवाय तडजोड झाली म्हणून दाव्याची कोर्ट-फी परत मिळाली. सरकारकडून परत आलेले पैसे थोरल्या मामांनी आयुष्यात प्रथमच पाहिले. त्यांनी ते दोनदा मोजले.

आणि त्या मुलीला काय मिळाले? तारखा पडल्या दोन. म्हणजे एक हजार रुपये. मामींनी वर साडी दिली आणि पेढ्यांचा पुडा. ज्यांनी एकशे पस्तीस तारखा सांभाळल्या त्यांचे घर झाले. जिने दोन तारखांत दोन भाऊ एका ओसरीवर बसवले तिच्या स्कूटरचे पेट्रोल सुटले.

मी वकीलसाहेबांना म्हटले, "हे बरोबर आहे का? फी उलटी नको का? लवकर मिटवणाऱ्याला जास्त, लांबवणाऱ्याला कमी. मुदत मागणाऱ्याने समोरच्याचा त्या दिवसाचा खराखुरा खर्च जागच्या जागी द्यावा. वकिलाने फीचे तीन हप्ते करावेत आणि शेवटचा, सगळ्यात मोठा हप्ता प्रकरण निकाली निघेल त्या दिवशी घ्यावा, जिंको नाहीतर हरो. निकाल काय लागला यावर फी नाही, निकाल लागला यावर फी. यात बार कौन्सिलचा नियमही मोडत नाही."

वकीलसाहेब बराच वेळ चालत राहिले. मग म्हणाले, "मोडत नाही. पण अशिलालाच ते नको असतं. त्याला भांडणारा वकील हवा असतो. माझ्याकडे येणारा माणूस पहिलं काय विचारतो, माहितीय? 'साहेब, त्याला कोर्टात किती वर्षं फिरवू शकता?'"

मला ते तेव्हा पटले नाही. वकिलाचे म्हणणे लगेच पटवून घ्यायचे नाही, एवढे मी मामांच्या वहीतून शिकलो होतो. पण गेल्या दिवाळीत थोरल्या मामांकडे फराळाला गेलो होतो. दोघे भाऊ ओसरीवर पेपरची पाने वाटून घेऊन बसलेले. समोरच्या गल्लीतले एक गृहस्थ आले. पुतण्याने सामाईक बोळात जिना काढला म्हणून चिडलेले, चांगला वकील सांगा म्हणाले. मी मोठ्या आशेने मामांकडे पाहिले. त्या मुलीने निघताना साडीपेक्षा एकच गोष्ट मागितली होती, "काका, कुणाला माझं नाव सांगा." आणि मामांनी ते कबूल केले होते.

मामांनी शब्द पाळला. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी तिचे नाव सांगितले, पत्ता सांगितला, स्कूटरचा रंगदेखील सांगितला. मग पुढे वाकून, आवाज खाली आणून म्हणाले, "पोरगी हुशार आहे. पण आधीच सांगून ठेवतो, फार लवकर मिटवते हं!"

ते गृहस्थ विचारात पडले आणि "बघतो" म्हणून निघून गेले.